एन-४०० भरताना परदेशवाऱ्यांच्या तारखा कुठून आणायच्या?

अमेरिकन नागरिकत्वाच्या अर्जात, म्हणजे एन-४०० मध्ये, गेल्या ५ वर्षांतल्या २४ तासांपेक्षा लांब परदेशवाऱ्या तारखांसह लिहाव्या लागतात. पासपोर्टवरचे शिक्के पुसट असतात, आणि २०२२ ची दिवाळी की २०२३ ची, यावर घरात वाद होतो. त्यापेक्षा हे करा:

१. आय-९४ च्या (अमेरिकेत येण्या-जाण्याच्या नोंदीच्या) सरकारी वेबसाइटवर पासपोर्ट नंबर टाकून प्रवासाचा इतिहास काढा. ते फुकट आहे. मधे पासपोर्ट बदलला असेल तर जुन्या नंबरानेही शोधा.

२. ई-मेलमध्ये विमान तिकिटं शोधून तारखा ताडून बघा. आय-९४ च्या यादीत चुका असतात, आणि गाडीने केलेल्या कॅनडाच्या फेऱ्या बऱ्याचदा नसतातच.

३. बाहेरचे दिवस मोजा. निघाल्याचा आणि परतल्याचा दिवस अमेरिकेतलाच धरतात. ग्रीन कार्डवर ५ वर्षं झाल्यावर अर्ज करण्याच्या नियमात निम्मा काळ, म्हणजे किमान ३० महिने, देशात राहिलेलं हवं.

यादी मोबाइलमध्येही ठेवा. अर्जानंतर भारतात जाऊन आलात तर मुलाखतीत तीही वारी विचारतात.

एकच जपा: आईवडिलांच्या आजारपणात का होईना, एखादा मुक्काम ६ महिन्यांपेक्षा लांबला असेल, तर नागरिकत्वासाठी लागणाऱ्या सलग वास्तव्याचा प्रश्न येतो. अशा वेळी अर्जाआधी वकिलाला विचारा.