प्रेक्षक दृश्यात किती गुंतला, हे कसे मोजावे

दादरच्या फुलबाजाराचे ३६० अंशांतील चित्रण डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटमधून दाखवल्यावर ‘कसे वाटले?’ एवढेच विचारले, तर ‘छान’ याखेरीज फारसे काही हाती लागत नाही. चित्रण आवडणे वेगळे आणि आपण त्या गर्दीतच उभे आहोत असे वाटणे वेगळे. मोजायचे आहे ते दुसरे. त्यासाठी दृश्य तेच ठेवून एका आवृत्तीत साधा स्टिरिओ आणि दुसरीत मान वळेल तशी दिशा बदलणारा ध्वनी द्यावा. चित्राची स्पष्टताही सोबत बदलली, तर फरक नेमका कशाने पडला ते कळणार नाही. निम्म्या प्रेक्षकांना पहिली आवृत्ती आधी दाखवावी, उरलेल्यांना दुसरी.

दूरचित्रवाणीच्या चित्रदर्जासाठी असलेली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची बीटी.५०० ही शिफारस किमान १५ प्रेक्षक आणि फार तर अर्ध्या तासाचे सत्र सुचवते. येथे प्रत्येकाचा अनुभव बराच निराळा असतो, त्यामुळे जमल्यास दुप्पट माणसे बोलवावीत. वेळ मात्र वाढवू नये.

प्रश्नावली स्वतः रचण्याच्या फंदात न पडता आधी तपासून घेतलेली वापरावी. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली आयटीसी-सोपी ही प्रश्नावली चार अंगे वेगवेगळी मोजते: त्या जागी असल्याची जाणीव, गुंतणे, दृश्याचा खरेपणा आणि प्रतिकूल परिणाम. यातले शेवटचे अंग वगळण्याचा मोह होतो, पण मळमळू लागलेला प्रेक्षक बाकीच्या प्रश्नांनाही कमी गुण देण्याची शक्यता असते. त्याच्या जोडीला १९९३ ची, १६ लक्षणे विचारणारी सिम्युलेटर सिकनेस प्रश्नावली द्यावी आणि ती चित्रण दाखवण्यापूर्वीही भरून घ्यावी, कारण विरारहून लोकलमध्ये उभ्याने आलेल्या माणसाचे डोके आधीच दुखत असू शकते. हेडसेट उतरताच उत्तरे घ्यावीत. चहा आणि गप्पा त्यानंतर.

त्वचेची विद्युतवाहकता आणि नाडीचे ठोके मोजायचे असतील, तर मुंबईच्या दमट हवेत जिना चढून आलेल्याला आधी वातानुकूलित खोलीत निवांत बसवून त्याची मूळ पातळी नोंदवावी. तरीही हे आकडे केवळ उत्तेजना दाखवतात. ती कशामुळे आली, हे ते सांगत नाहीत.

माझा अधिक भरवसा मानेच्या हालचालीवर आहे. हमाल मागून ‘बाजू, बाजू’ ओरडत येतो, तेव्हा प्रेक्षक तो नजरेत येण्यापूर्वीच वळतो का, नेमक्या बाजूला वळतो का आणि आवाजानंतर किती वेळाने वळतो, हे हेडसेटच्या नोंदीतून काढता येते. काही जण तर पाय मागे घेतात. तेही शेजारी बसून टिपून ठेवावे. मात्र ही तुलना प्रत्येकाच्या पहिल्याच पाहण्यावरून करावी, कारण दुसऱ्या खेपेला हमाल कोणत्या बाजूने येणार हे त्याला ठाऊक झालेले असते.