क्लाऊडवर वायरफ्रेम करताय? मग या चुका टाळा

नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या एका संत्रा व्यापाऱ्याचं ऑर्डरचं अ‍ॅप करत होतो. वायरफ्रेम (स्क्रीनचा कच्चा आराखडा) फिग्मा या ऑनलाइन डिझाइन टूलमध्ये, म्हणजे सगळं क्लाऊडवर. तरी जुन्या खोडीने रोज संध्याकाळी स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचो. एक दिवस शेठचा फोन आला, "भाऊ, क्रेटचा आकडा कुठं टाकायचा? चार दिवस झाले सांगून!" रकाना तर टाकून झाला होता. शेठ सोमवारचाच फोटो बघत बसले होते.

फोटो बंद करा. लिंक एकच द्या, कॉमेंट त्याच स्क्रीनवर टाकायला लावा.

पण लिंक देताना 'कॅन एडिट', म्हणजे बदल करायची परवानगी, ठेवू नका. शेठच्या पुतण्याने सहज बोट फिरवलं आणि पेमेंटची आख्खी स्क्रीन उडाली. बघण्याची परवानगी पुरते, कॉमेंट तेवढ्यातही करता येते. असं झालंच तर घाईने जुनी व्हर्जन रिस्टोअर करू नका, मधल्या काळात टीमने केलेलं कामही मागे जातं. जुनी व्हर्जन नुसती उघडा, हवी ती स्क्रीन कॉपी करून आजच्या फाईलमध्ये आणा. मोफत प्लॅनवर हा इतिहास 30 दिवसच मिळतो.

मे महिन्यात आपल्याकडे लाईट जातेच, तिच्यामागे वायफायही. घाबरून टॅब रिफ्रेश करू नका. उघडी फाईल नेटशिवाय चालते, बदल नंतर चढतात. बंद असलेली मात्र उघडत नाही, म्हणून मीटिंगला निघण्याआधीच उघडून ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो मजकुराने. 'सबमिट' लिहून बटन आखलं, खरा मजकूर आला 'ऑर्डर नोंदवा', आणि ओळ तुटली. त्यात शेठच्या मुनीमजींनी यादी कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये दिलेली. चिकटवली की इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी! आधी युनिकोड करून घ्या. फॉन्ट मुक्ता किंवा नोटोसारखा गूगल फॉन्ट्सवरचा घ्या, म्हणजे पुण्यातल्या डेव्हलपरलाही तोच दिसतो. ओळीची उंची 140 ते 150 टक्के ठेवा, नाहीतर वेलांट्या आणि उकार एकमेकांत घुसतात.

आणि लिंक एकदा तरी फोनवर उघडून बघा. मी फक्त मॉनिटरवरच बघत होतो. शेठची पहिली कॉमेंट आली, "बटन अंगठ्याले पुरत नाही." बटनाची उंची 32 पिक्सेल होती, 48 केली.