'वुड' कुठे वापरायचं? आधी मराठी क्रियापदाचं शेपूट बघा

शाळेत 'वुड'चा अर्थ एका ओळीत उरकला जायचा: 'विल'चा भूतकाळ. ते खोटं नाही, पण तेवढ्या भांडवलावर इंग्रजीत दोन वाक्यं बोलायला गेलं की अडखळायला होतं. त्यापेक्षा सोपी वाट आपल्याच भाषेतून जाते. 'वुड' जी कामं करतो, ती मराठीत क्रियापदाची शेपटं करतात: असता, जायचो, होईना. वाक्य मनात मराठीतच तयार होऊ द्या आणि शेपूट कोणतं आलं ते बघा.

त्याआधी जुजबी गोष्टी. 'वुड'च्या पुढे क्रियापद मूळ रूपातच येतं. 'ही वुड गो' म्हणायचं. 'वुड गोज', 'वुड वेंट' किंवा 'वुड टू गो' चालत नाही. कर्ता कुणीही असला तरी 'वुड' बदलत नाही. स्पेलिंगमधला एल उच्चारायचा नाही, लाकडाचा 'वुड' आणि हा 'वुड' कानाला एकच. (गंमत म्हणजे 'कुड'मधला एल मुळात नव्हताच. 'वुड' आणि 'शुड' यांचं बघून तो मागाहून घुसवला गेला.)

पायरी १ : 'असता' आला का?

मराठी व्याकरणात ज्याला संकेतार्थ म्हणतात, ते 'वुड'चं सगळ्यात मोठं कुरण. 'पाऊस पडला असता तर पीक हाती लागलं असतं.' इथे आपली पहिली चूक ठरलेली असते. मराठीत 'असता-असतं' दोन्हीकडे येतं, म्हणून आपण 'वुड'ही दोन्हीकडे लावतो: 'इफ इट वुड हॅव रेन्ड...' हे चुकीचं. 'वुड' फक्त 'तर'च्या बाजूला जातो. 'जर'च्या बाजूला साधा भूतकाळ किंवा 'हॅड' येतो. म्हणून: 'इफ इट हॅड रेन्ड, वी वुड हॅव हॅड अ क्रॉप.' मराठीत 'जर' बऱ्याचदा गाळलेला असतो, तो आधी मनात परत ठेवा, म्हणजे बाजू चुकणार नाही. ('इफ यू वुड लाइक टी' हा अपवाद. तो अटीपेक्षा आग्रहाचा भाग आहे.)

दुसरी अडचण जरा खोल आहे. 'वेळ असता तर आलो असतो' हे वाक्य आजबद्दल की गेल्या रविवारबद्दल? मराठीत दोन्हीकडे चालतं, संदर्भावरून आपण समजून घेतो. इंग्रजीला ही मोघम भाषा चालत नाही. म्हणून वाक्यात मनातल्या मनात 'आज' किंवा 'तेव्हा' घालून बघा. 'आज' बसला तर 'इफ आय हॅड टाइम, आय वुड कम.' 'तेव्हा' बसला, म्हणजे संधी हातची गेलेली, तर 'इफ आय हॅड हॅड टाइम, आय वुड हॅव कम.' लागोपाठ दोन 'हॅड' बघून बिचकू नका, दोन्ही लागतात.

पायरी २ : 'होईना' आला का?

हा उपयोग पुस्तकात कोपऱ्यात ढकललेला असतो आणि मला सगळ्यात आवडतो, कारण इथे मराठी आणि इंग्रजी अगदी गळ्यात गळा घालून चालतात. 'गाडी सुरू झाली नाही' आणि 'गाडी सुरू होईना' यांत फरक आहे ना? पहिलं नुसतं सांगणं. दुसऱ्यात तुम्ही दहा किका मारल्या, चोक ओढला, शेजाऱ्याने ढकलून दिली, आणि गाडी हट्टाला पेटली. पहिल्याला 'द स्कूटर डिड नॉट स्टार्ट', दुसऱ्याला 'द स्कूटर वुड नॉट स्टार्ट'. पोरगं जेवेना: 'द चाइल्ड वुड नॉट ईट'. दार उघडेना: 'द डोअर वुड नॉट ओपन'.

असं का, याचं उत्तर शब्दाच्या मुळात आहे. जुन्या इंग्रजीत 'विल' म्हणजे इच्छा असणं, आणि 'वुड' हा त्याचा भूतकाळ. म्हणजे स्कूटरची इच्छाच नव्हती! निर्जीव वस्तूला हट्टी ठरवायची ही खोड दोन्ही भाषांना आहे.

इथे एक खड्डा मात्र टाळा. 'मला चालवेना', 'तिला काही सुचेना' यांतही 'ना' आहे, पण तो हट्ट नाही, ती असमर्थता. कर्त्याच्या जागी 'मला', 'तिला', 'त्याच्याने' आलं की 'वुड' सोडून 'कुड' घ्या: 'आय कुड नॉट वॉक'.

पायरी ३ : 'जायचो' आला का?

'मे महिन्यात आम्ही कोकणात जायचो, दुपारभर आंबे खायचो.' 'एव्हरी मे वी वुड गो टू द कोकण अँड ईट मँगोज ऑल आफ्टरनून.' आपला रीतिभूतकाळ, तो जाई, ती म्हणे, तोही इथेच बसतो. मात्र काळ आधी सांगून ठेवावा लागतो. 'एव्हरी मे' किंवा 'व्हेन वी वेअर चिल्ड्रन' काढून टाकलंत तर ऐकणाऱ्याला ते पायरी १ मधलं वाक्य वाटेल आणि तो 'इफ'ची वाट बघत बसेल.

शिवाय हे फक्त पुन्हा पुन्हा घडणाऱ्या क्रियेला लागतं. 'आम्ही चाळीत राहायचो', 'अंगणात एक विहीर असायची' यांत क्रिया नाही, स्थिती आहे. तिथे 'यूज्ड टू' वापरा: 'वी यूज्ड टू लिव्ह इन अ चाळ'.

पायरी ४ : कुणाचं बोलणं सांगताय?

'मी उद्या येईन म्हणाली.' मराठी इथे तिचे शब्द जसेच्या तसे ठेवते. इंग्रजी ते उलटंपालटं करते: 'शी सेड शी वुड कम द नेक्स्ट डे'. 'मी'चं 'शी', 'येईन'चं 'वुड कम'. शाळेतली 'विलचा भूतकाळ' ही ओळ खरी उपयोगी पडते ती इथे.

पायरी ५ : नम्रता हवी, पण किती?

मराठीत आदर दाखवायला अहो-जाहो आहे, 'जरा' आहे, शेवटी लांबवलेला 'का' आहे. इंग्रजीत साहेबालाही 'यू' आणि पोरालाही 'यू', त्यामुळे त्या आदराचं बरंच ओझं 'वुड'च्या डोक्यावर पडतं. 'गिव्ह मी वॉटर' म्हणजे 'पाणी दे', 'वुड यू गिव्ह मी सम वॉटर?' म्हणजे 'जरा पाणी देता का?' तसंच 'आय वाँट'पेक्षा 'आय वुड लाइक' बरं.

'वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?' याला 'यस' म्हणून खिडकी उघडायला उठणारे बरेच भेटतात. हा प्रश्न म्हणजे आपला 'तुमची काही हरकत आहे का?' त्याला आपण 'छे, नाही!' म्हणतो, तसंच इथे 'नो, नॉट अ‍ॅट ऑल' म्हणायचं आणि उठायचं.

नम्रतेचा अतिरेक ऑफिसच्या मेलमध्ये दिसतो. 'आय वुड बी सेंडिंग द रिपोर्ट ऑन फ्रायडे.' असा मेल मीही एकदा पाठवला होता, तर वरिष्ठांचं उत्तर आलं: अडचण काय आहे? त्यांचं बरोबर होतं. 'वुड'मुळे वाक्यात 'पाठवला असता, पण...' असा सूर येतो. ठरलेल्या कामाला सरळ 'विल' लावा. शंका आली तर वाक्याच्या शेवटी 'पण...' जोडून बघा. तो नको असेल तर 'वुड'ही नको.

पायरी ६ : ऐकताना

बोलण्यात 'आय वुड'चं 'आयड' होतं, आणि 'आय हॅड'चंही 'आयड'च होतं. पुढचा शब्द बघा. मूळ क्रियापद आलं, 'आयड गो', तर 'वुड'. तिसरं रूप आलं, 'आयड गॉन', तर 'हॅड'. 'रादर' आला तर 'वुड', 'बेटर' आला तर 'हॅड'. 'वुड हॅव'चं तर बोलताना 'वुडव्ह' होऊन जातं. ते इतकं 'ऑफ'सारखं ऐकू येतं की जन्मापासून इंग्रजी बोलणारेही 'वुड ऑफ' असं लिहून मोकळे होतात.