पॉप-अप जेवणातील छोट्या ताटल्या : खान्देशी शाकाहारी बेताचा आस्वाद कसा घ्यावा

एखाद-दुसऱ्या संध्याकाळीपुरते मांडले जाणारे ‘पॉप-अप’ रेस्टॉरंट हा शब्द नवा असला, तरी खान्देशातील माणसाला ती कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. हिवाळ्यात भरिताची वांगी आली की कुणाच्या तरी मळ्यात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ होतो, माणसे जमतात, केळीच्या पानावर जेवतात आणि रात्री तिथे राखेशिवाय काही उरत नाही. पॉप-अपमध्ये जागा आगाऊ राखावी लागते, पदार्थ आधीच ठरलेले असतात आणि ते पानभर एकदम न वाढता छोट्या ताटल्यांतून एकामागून एक येतात. आग्रहाच्या पंगतीत वाढलेल्या आपल्याला नेमकी हीच गोष्ट जड जाते. पहिली ताटली पाहताच ‘एवढेच?’ असे मनात येते आणि मग भूक भाकरीवर निघते.

जागा राखतानाच काही गोष्टी विचारून घ्याव्यात, कारण अशा ठिकाणी माणसे मोजून स्वयंपाक केलेला असतो आणि आयत्या वेळी बदल होत नाही. घरात कुणी कांदा-लसूण खात नसेल तर ते आधी कळवावे. खान्देशी बेतात लसूण आणि खोबऱ्याचे वाटण बहुतेक रश्श्यांत असते, ते नंतर काढता येत नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असल्यास तर स्पष्टच सांगावे, कारण दाणे दिसले नाहीत तरी तेल शेंगदाण्याचे असू शकते. बेत शाकाहारी असला तरी त्याच चुलीवर आदल्या दिवशी मटण शिजले असेल. ज्यांना ते चालत नाही त्यांनी भांडी वेगळी आहेत का हे संकोच न करता विचारावे. आयोजक अनोळखी असेल तर एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नोंदणीचा १४ अंकी क्रमांक मागण्यातही काही गैर नाही.

चार जणांनी मिळून जाणे सर्वांत सोयीचे. दोघे असले तर पदार्थ कमी चाखले जातात आणि आठ जण असले तर प्रत्येकाच्या वाट्याला चमचाभरच येतो. ताटल्या निवडण्याची मुभा असेल तर एका वेळी दोन किंवा तीनच मागवाव्यात आणि त्या संपत आल्यावर पुढच्या सांगाव्यात. सगळे एकदम मागवले तर टेबल भरल्याचे समाधान मिळते, परंतु निम्मे पदार्थ गार होतात आणि खान्देशी रस्सा गार झाला की त्यावरचा तवंगच तेवढा जिभेला जाणवतो.

क्रम सौम्याकडून तिखटाकडे असावा. सुरुवात फुणके आणि कढीने करावी. भरड वाटलेल्या डाळीचे हे वाफवलेले मुटके हाताने कुस्करून त्यावर गरम कढी घालावी लागते. काट्याने तुकडे करून खाणाऱ्याला त्यातली गंमत कळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यानंतर पातोड्यांचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा घ्यावा. शेवभाजी आली की मात्र बोलणे थांबवावे. तिखट शेव वाढतेवेळीच रश्श्यात घातलेली असते आणि काही मिनिटांत तिचा लगदा होतो, म्हणून छायाचित्र काढायचे असेल तर दुसऱ्या एखाद्या ताटलीचे काढावे.

भरिताला या बेतात थोडा जास्त वेळ द्यावा. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही वांगी मोठी, फिकट हिरवी आणि कमी बियांची असतात, त्यामुळे भाजल्यावर गर मऊ उतरतो. काड्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याला धुराचा जो वास असतो तो गॅसवर येत नाही, म्हणून पहिला घास नुसताच, भाकरीविना घ्यावा. हिरवी मिरची आणि लसूण ठेचून घातलेले असतात, तर कांद्याची पात आणि दाणे दाताखाली येतात. भरिताबरोबर पुरी आणि कळण्याची भाकरी असे दोन्ही असेल तर भाकरी निवडावी. ज्वारीत उडीद दळून केलेले हे कळण्याचे पीठ चवीला खमंग असले तरी पोटाला भरभक्कम असते. चौघांत एक भाकरी पुरेशी समजावी. मी पहिल्यांदा अशा जेवणाला गेलो तेव्हा ताटल्या येईपर्यंत ठेच्याशी दीड भाकरी संपवून बसलो होतो आणि मांडे, म्हणजे खापरावरच्या मोठ्या पुरणपोळ्या, समोर आले तेव्हा त्यांच्याकडे नुसते पाहत राहिलो.

तिखट लागले तर पाणी पिऊन उपयोग होत नाही. मिरचीतील दाह करणारा कॅप्सायसिन हा घटक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मात्र स्निग्ध पदार्थांत विरघळतो, त्यामुळे दही किंवा भाकरीला लावलेले तूप अधिक कामाला येते. पातळ ताकाचा उपयोग त्या मानाने कमी, पण जेवताना ते बरे वाटते.

हे जेवण सहसा उघड्यावर असते. डिसेंबर-जानेवारीत सूर्य मावळला की मळ्यात चांगलीच थंडी पडते, म्हणून शाल न्यावी आणि चुलीजवळची जागा मिळाली तर सोडू नये. तिथून मांडे करताना पाहता येतात. पुरण भरलेली पोळी हातांवर फिरवून मोठी करायची आणि पालथ्या खापरावर टाकायची, हे काम पाहण्यासारखे असते. मांडा शेवटी, तूप घालून, चौघांत एकच घ्यावा. उरलेली शेवभाजी बांधून नेण्याचा आग्रह धरू नये, कारण घरी पोहोचेपर्यंत तिची आमटी होते. मांडा मात्र जरूर बांधून घ्यावा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुधात कुस्करून फार छान लागतो.