‘कुठल्यात जास्त?’ हे दोनदा विचारू नका : मुलांची समज तपासताना होणाऱ्या चुका

बडोद्यात सध्या घरोघरी मानसशास्त्रज्ञ पियाजे शिरलाय, मोबाईलवरच्या व्हिडिओंमधून. दोन सारख्या ग्लासांत सारखं ताक घ्यायचं, त्यातलं एक उंच, निमुळत्या ग्लासात ओतायचं आणि मुलाला विचारायचं, “आता कुठल्यात जास्त?” दांडिया बाजारातल्या जुन्या घरातला पाच वर्षांचा नातू उंच ग्लासाकडे बोट दाखवतो आणि आजोबांचा चेहरा पडतो. याला एवढंही कळत नाही?

पाचव्या वर्षी हे उत्तर येणं अगदी नेहमीचं आहे. स्विस संशोधक झाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनीच हा प्रयोग मांडला आणि साधारण सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक मुलं उंचीला भुलतात असं दाखवलं. व्हिडिओ इथे संपतो. संशोधन मात्र इथे थांबलं नाही. पियाजेंनंतरच्या लोकांनी याच प्रयोगांची उलटतपासणी केली : मुलाच्या चुकीत समजेचा वाटा किती आणि विचारणाऱ्याच्या पद्धतीचा किती? घरी प्रयोग करणारे आजी-आजोबा आणि आईबाबा फसतात ते या दुसऱ्या वाट्यात.

एकच प्रश्न दोनदा विचारणं

मूळ पद्धतीत ओतण्याआधी एकदा विचारतात, “दोन्हींत सारखंच आहे ना?” आणि ओतल्यावर पुन्हा तेच. आता मुलाच्या बाजूनं बघा. मोठं माणूस एकच गोष्ट दुसऱ्यांदा कधी विचारतं? “हात धुतलेस? नक्की धुतलेस?” याचा अर्थ प्रत्येक मुलाला पक्का ठाऊक असतो. आधीचं उत्तर पसंत पडलेलं नाही, बदलायला हवं.

सुझन रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी १९७४ साली सहा वर्षांच्या मुलांना फक्त शेवटी, एकदाच विचारून पाहिलं, आणि चुका कमी झाल्या. म्हणजे घरचा उपाय सोपा आहे : मुलाच्या डोळ्यांसमोर ओता, गप्प बसा, शेवटी एकदाच विचारा. आणि उत्तर आलं की “का रे?” एवढंच. भुवया वर न करता.

त्याच सुमारास एडिंबरात जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी याहून गमतीदार युक्ती काढली. वस्तूंच्या दोन सारख्या रांगा मांडायच्या. नेहमीच्या प्रयोगात मोठं माणूस एक रांग पसरवतं आणि विचारतं. इथे एक खोडकर टेडी डब्यातून उडी मारून बाहेर यायचा आणि रांग विस्कटून टाकायचा. चार ते सहा वर्षांच्या मुलांपैकी कितीतरी जास्त मुलांनी आता बरोबर सांगितलं की दोन्हीकडे सारखंच आहे. मोठ्यांनी मुद्दाम केलेल्या गोष्टीत काहीतरी ‘खरा’ बदल असणार, असं मूल धरून चालतं. टेडीचा काय भरवसा!

यावरून लगेच “म्हणजे माझ्या चार वर्षांच्या मुलीला सगळं कळतं” असा उलटा निष्कर्ष काढणारेही आहेत. तेही टाळा. १९८६ साली ख्रिस मूर आणि डग्लस फ्राय यांनी टेडीला खरोखरच वस्तू कमी-जास्त करायला लावलं, तेव्हा मुलांची उत्तरं बिघडली. टेडीच्या धिंगाण्याकडेच लक्ष असल्यामुळे काही मुलं ‘सारखंच’ म्हणत होती, असा त्याचा एक अर्थ होतो. मला तर या सगळ्या वादातला हाच भाग सगळ्यात आवडतो. बरोबर उत्तराचीही झडती घ्यावी लागते, हे आपल्या परीक्षाप्रेमी घरांत कुणाच्या मनातही येत नाही.

आकडे म्हणता येतात, म्हणजे मोजता येतं असं धरणं

पाहुणे आले की तीन वर्षांच्या पोराकडून एक ते वीस म्हणवून घ्यायचं, ही आपली जुनी हौस. पोर म्हणतंही धडाधड. मग त्याला सांगा, “आजीला तीन बेसनाचे लाडू दे.” ते मूठभर उचलून देईल.

कॅरन विन यांनी १९९०च्या सुमारास हेच नीट तपासलं. मुलं आधी फक्त ‘एक’चा अर्थ शिकतात. एक मागितला तर एकच देतात, बाकी काहीही मागितलं तर येईल तेवढं उचलतात. काही महिन्यांनी ‘दोन’ पक्का होतो, मग ‘तीन’. साधारण साडेतीन-चारच्या आसपास एकदम उलगडा होतो की मोजताना शेवटी आलेला आकडा म्हणजेच एकूण संख्या. त्याआधी “मोजलेस ना, मग किती झाले?” असं विचारलंत तर मूल पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतं. तो हट्ट नाही आणि दुर्लक्षही नाही. प्रश्नाचं उत्तर म्हणजे मोजणंच, असं त्याला वाटतं. म्हणून या वयात ‘किती आहेत’ विचारण्याऐवजी ‘इतके दे’ म्हणा. आणि वीसच्या पुढे पाठ करून घेण्याची घाई सोडा.

प्रश्न कशाबद्दल आहे हेच मुलाला न कळणं

पियाजेंचा आणखी एक प्रसिद्ध प्रयोग तीन डोंगरांचा. टेबलावर डोंगरांची प्रतिकृती, समोरच्या बाजूला बाहुली, आणि प्रश्न : बाहुलीला काय दिसतंय? चार-पाच वर्षांची मुलं स्वतःला दिसणारं चित्र निवडत. यावरून मूल दुसऱ्याच्या नजरेनं पाहूच शकत नाही असं लोक म्हणू लागले. मार्टिन ह्यूज यांनी डोंगर बाजूला ठेवले. आडव्या-उभ्या भिंती उभारल्या, पोलिसांच्या बाहुल्या ठेवल्या आणि मुलांना म्हणाले, या मुलाच्या बाहुलीला पोलिसांना दिसणार नाही असं लपव. साडेतीन ते पाच वर्षांच्या दहातल्या नऊ मुलांनी बरोबर लपवलं. पोलिसापासून लपणं म्हणजे काय, हे मुलांना माहीत होतं. डोंगराचं चित्र निवडण्यात त्यांना काही कामच दिसत नव्हतं.

कपाटातलं चॉकलेट हलवण्याचा खेळही असाच. हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर यांनी १९८३ साली तो केला : मुलगा चॉकलेट ठेवून बाहेर जातो, आई ते दुसरीकडे ठेवते, आता तो कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं चॉकलेट आता जिथे आहे ती जागा सांगतात. चारच्या पुढे हळूहळू उत्तर बदलतं. पण १९९१ साली मायकल सीगल आणि कॅरन बीटी यांनी ‘सगळ्यात आधी कुठे शोधेल’ असं विचारलं, तेव्हा तीन वर्षांच्या मुलांचीही उत्तरं सुधारली. ‘कुठे शोधेल’ याचा अर्थ मूल ‘कुठे सापडेल’ असाही घेऊ शकतं, आणि तो अगदीच चुकीचा म्हणता येत नाही.

वाट बघण्याच्या परीक्षेवरून भविष्य सांगणं

हा खेळ तर कृपा करून बंद करा. मुलापुढे एक चॉकलेट ठेवायचं, “मी येईपर्यंत थांबलास तर दोन” असं सांगायचं आणि बाहेरून शूटिंग करायचं. मूळ प्रयोग वॉल्टर मिशेल यांचे, स्टॅनफर्डच्या बालवाडीतले. थांबणारी मुलं पुढे शाळेत सरस ठरतात, असा समज त्यावरून रुजला. पुढे २०१८ साली टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर हे पुन्हा तपासलं. वाट बघणं आणि पुढची शैक्षणिक प्रगती यांचा संबंध आधीच्या निम्म्यानेच निघाला, आणि घरची परिस्थिती वगैरे हिशोबात धरल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश गेला.

त्याआधी, २०१३ साली सेलेस्ट किड यांच्या गटानं एक साधी गोष्ट दाखवली होती. ज्या माणसानं आधी ‘छान रंग आणतो’ म्हणून रिकाम्या हातानं परत येऊन दाखवलं, त्याच्यासाठी मुलं सरासरी तीन मिनिटं थांबली. शब्द पाळणाऱ्यासाठी बारा मिनिटं. तेव्हा पोरगं लगेच चॉकलेट खात असेल, तर “रविवारी कमाटीबागेत नेतो” हे आपण किती वेळा सांगितलं आणि किती वेळा नेलं, ते आधी आठवा.

एकाच भाषेत गुण देणं

आपल्या बडोदेकर मुलांच्या बाबतीत ही चूक फार होते. घरी मराठी, खाली सोसायटीत गुजराती, टीव्हीवर हिंदी, शाळेत इंग्रजी. अशा मुलीनं चिमणी बघून ‘चकली’ (चिमणीचा गुजराती शब्द) म्हटलं, तर पुण्याहून आलेल्या मावशीच्या लेखी ते चूक. शेजारच्या गुजराती बाला, म्हणजे आजीला, ते बरोबर वाटतं. बार्बरा पिअरसन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली मायामीतल्या स्पॅनिश-इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलांचे दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजले, तेव्हा ती एकभाषिक मुलांच्या मागे नव्हती. एकच भाषा मोजली की मागे दिसतात. म्हणून दोन वर्षांच्या मुलाचे शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांतले लिहून काढा. एखाद्या भाषेत कमी आहेत म्हणून घरातली मराठी बंद करू नका.

शाळेतलं गणित हेच गणित

उत्तरायणाच्या आधी पतंग-फिरकीच्या दुकानावर बसणारा मुलगा तोंडी हिशोब करून सुटे पैसे परत देतो, आणि वहीत तीच वजाबाकी चुकवतो. ब्राझीलच्या रेसिफे शहरातल्या विक्रेत्या मुलांवर १९८५ साली हाच अभ्यास झाला : बाजारात ९८ टक्के उत्तरं बरोबर, कागदावरच्या नुसत्या आकडेमोडीत ३७ टक्के. अगदी थोड्या मुलांचा अभ्यास होता. मात्र २०२५ साली कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांच्या पाहणीतही तेच दिसलं. उलट बाजूनं, शाळेतली मुलं बाजाराच्या व्यवहारात अडखळली. त्यामुळे “हुशार आहे पण अभ्यासात लक्ष नाही” असा शेरा मारण्याआधी तेच गणित दोन्ही रीतींनी घालून बघा.

अनोळखी जागा आणि प्रेक्षक हे आणखी एक कारण. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, पूर्वी होम सायन्स म्हणत त्या विद्याशाखेत, चेतन बालवाडी आहे, तिथे शिकणाऱ्या विद्यार्थिनी मुलं खेळत असतानाच त्यांना बघायला शिकतात. घरीही तेच करा. मुलाला पाहुण्यांसमोर सोफ्यावर उभं करून काही विचारायचं नाही.

हे सगळं झालं चुकीच्या उत्तरांबद्दल. मूल हाकेला वळून बघत नसेल, सव्वा वर्षाचं होऊनही बोटानं काही दाखवत नसेल, किंवा येत असलेले शब्द बोलेनासं झालं असेल, तर ताक-ग्लासाच्या खेळात वेळ घालवू नका. थेट बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि आधी कान तपासून घ्या.