काळोखी विज्ञान-थरारकथा लिहिताना: पहिल्या कादंबरीपर्यंतची सहा वर्षे

मी पहिली कादंबरी लिहायला घेतली तेव्हा १९ वर्षांची होते आणि ती छापून हातात आली तेव्हा मला पंचविसावे वर्ष लागून गेले होते. मधल्या काळात मी तीच कादंबरी चार वेळा मुळापासून लिहिली. काळोखी विज्ञान-थरारकथा लिहू पाहणारे नवे लेखक सुरुवात कोठून करावी असे विचारतात, तेव्हा मी त्यांना आधी माझा पहिला खर्डा का फसला ते सांगते, कारण या प्रकाराविषयी मला जे काही समजले आहे त्याचा उगम त्या फसण्यात आहे.

त्या खर्ड्यात १,४०,००० शब्द होते. निर्मनुष्य अवकाशस्थानक होते, उघडझाप करणारे तांबडे दिवे होते, ११ मृत्यू होते आणि जवळजवळ प्रत्येक प्रकरणात रक्त होते. मी तो दोन वाचकांना दिला. रहस्यकथांचा नाद असलेल्या वाचकाने सगळे हस्तलिखित वाचून सांगितले, “इथे घाबरायला हवे हे मला प्रत्येक वेळी कळते, पण मी घाबरत नाही.” दुसरी वाचक भौतिकशास्त्र शिकत होती. ती ३०व्या पानावर थांबली. त्या पानावर माझा नायक अवकाशपोशाखाविना श्वास रोखून तीन मिनिटे निर्वात पोकळीत तरंगतो आणि सुखरूप परत येतो. तिने समासात एवढेच लिहिले होते की इथे याला काहीही होऊ शकत असेल, तर पुढे याचे काय होईल याची मी काळजी का करावी?

त्या प्रश्नामुळे मी पहिल्यांदा निर्वात पोकळीत माणसाचे खरोखर काय होते हे शोधू लागले. १९६६ साली अमेरिकेत अवकाशपोशाखाची चाचणी सुरू असताना जिम लेब्लांक नावाच्या तंत्रज्ञाच्या पोशाखाची दाबनळी निर्वातकक्षातच निसटली. सुमारे १४ सेकंदांत त्याची शुद्ध हरपली. शुद्ध जाण्यापूर्वी जिभेवरची लाळ उकळू लागल्याची जाणीव त्याला झाली होती आणि तेवढेच त्याला नंतर आठवत होते. कक्षात तातडीने हवा सोडल्यामुळे तो वाचला. या प्रसंगामागची कारणे समजून घेताना माझ्या आणखी दोन समजुती मोडल्या. श्वास रोखणे तेथे घातक ठरते, कारण बाहेर दाब नसल्यामुळे आतली हवा फुगून फुप्फुसे फाटू शकतात. आणि माणूस क्षणात गोठत नाही, कारण अंगातली उष्णता वाहून न्यायला भोवती हवाच नसते.

मग मी तो प्रसंग नव्याने लिहिला. तीन मिनिटांच्या जागी आता साधारण दहा सेकंद कामाची उरली होती. दहा सेकंदांत माणूस एक कडी लावू शकतो किंवा एक दांडा ओढू शकतो. दोन्ही करू शकेल याची खात्री नाही. त्यामुळे दोर आधीच बांधलेला असणे, पलीकडच्या दारामागे कोणीतरी उभे असणे आणि त्या व्यक्तीवर विश्वास टाकता येणे या सगळ्याला अचानक किंमत आली. प्रसंग चार पानांवरून दीड पानावर आला आणि त्यात रक्ताचा थेंबही उरला नाही. रहस्यकथांच्या वाचकाने तो वाचून पान खाली ठेवले आणि दार उघडणाऱ्या त्या माणसाविषयी विचारू लागला. कथेतल्या जगाचा नियम वाचकाला आधी ठाऊक असेल आणि लेखक तो स्वतःच्या सोयीसाठी मोडणार नाही याची खात्री असेल, तरच त्याला पात्राची भीती वाटते, हे मला त्या दिवशी उमगले. त्यानंतरची माझी सगळी मेहनत याच एका गोष्टीभोवती फिरत राहिली.

नियम शोधायचे तर विज्ञानाची पाठ्यपुस्तके लागतातच, पण थरारकथेच्या लेखकासाठी त्याहूनही मोलाचे वाचन म्हणजे अपघातांचे चौकशी अहवाल, असे माझे ठाम मत आहे. माझ्यावर सर्वांत खोल परिणाम केला तो थेरॅक-२५ या कर्करोगावरील किरणोपचार यंत्राच्या हकिगतीने. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात या यंत्रामुळे सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग मिळाला आणि त्यांतील काही दगावले. आधीच्या यंत्रांत चुकीचा झोत अडवणारी यांत्रिक कुलुपे होती. या यंत्रात त्यांची बरीचशी जबाबदारी संगणकप्रणालीवर सोपवलेली होती. चालक तंत्रज्ञाने चुकून क्ष-किरणांचा पर्याय टाकला आणि लगेच तो बदलून इलेक्ट्रॉनचा केला, आणि ही दुरुस्ती सुमारे आठ सेकंदांच्या आत उरकली, तर पडद्यावर बदल दिसे, पण यंत्राच्या काही भागांपर्यंत तो पोहोचतच नसे. पडद्यावर ‘बिघाड ५४’ एवढाच संदेश येई. असे किरकोळ अडथळे रोजचेच असल्यामुळे तंत्रज्ञ एक कळ दाबून काम पुढे सुरू करीत. एका रुग्णालयात तर त्या दिवशी उपचारखोलीतला ध्वनिसंच बंद होता आणि कॅमेऱ्याचा पडदाही जोडलेला नव्हता, त्यामुळे आतल्या रुग्णाची वेदना बाहेर कोणापर्यंत पोहोचली नाही.

या हकिगतीपाशी मी कित्येक आठवडे थांबले. यात दुष्ट शास्त्रज्ञ नाही, बंड करून उठलेले यंत्र नाही आणि कोणाचे कारस्थानही नाही. उलट, सरावलेला आणि चपळ हात असलेला चालकच ती आठ सेकंदांची मर्यादा गाठू शकत होता. नवशिक्याच्या संथ हाताखाली दोष उघडकीला आला नसता. माणसाचे कौशल्य आणि त्याची सवय हीच दुर्घटनेची वाट होते, याहून अधिक काळोखी कल्पना मला अद्याप सुचलेली नाही. माझ्या पहिल्या खर्ड्यातला खलनायक मी त्या महिन्यात काढून टाकला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या खर्ड्यात कादंबरीला तिचे खरे कथानक सापडले. मंगळाच्या कक्षेतल्या स्थानकावर एक डॉक्टर आहे, तिच्या देखरेखीखाली एक रुग्ण आहे आणि प्रत्येक कठीण निर्णयासाठी ती पृथ्वीवरच्या तज्ज्ञांना विचारते. पृथ्वी आणि मंगळ यांतील अंतर साधारण साडेपाच कोटी ते ४० कोटी किलोमीटर असे बदलत असते, म्हणून संदेशाला एका दिशेने जायला तीन ते २२ मिनिटे लागतात. कथेतल्या एका दिवशी प्रश्न जाऊन उत्तर यायला किमान २६ मिनिटे लागायला हवीत, पण उत्तर चार मिनिटांत येते, आणि ते अचूक असते. कादंबरीतली अशक्य वाटणारी गोष्ट एवढी एकच आहे. ती वाचकाने मानावी म्हणून बाकीचे सर्व काटेकोर ठेवावे लागले. मी कथेतल्या प्रत्येक दिवसाचे अंतर आणि संदेशाला लागणारा वेळ यांचा तक्ता करून भिंतीवर लावला आणि प्रत्येक संवाद त्या तक्त्यावरून तपासला. जिथे वेळ जुळत नव्हती तिथे मला आवडलेली वाक्येसुद्धा गेली.

त्या तक्त्यानेच मला कथेचा शेवटही दिला. साधारण दर २६ महिन्यांनी सूर्य पृथ्वी आणि मंगळ यांच्या मधोमध येतो आणि सुमारे दोन आठवडे संदेशांची भरवशाची देवाणघेवाण करता येत नाही. तेवढे दिवस मंगळावरच्या यानांना नव्या आज्ञा पाठवणे टाळले जाते. माझ्या डॉक्टरला याच काळात सर्वांत मोठा निर्णय घ्यावा लागतो, आणि पृथ्वी गप्प असतानाही उत्तरे येतच राहतात. हा प्रसंग मी कल्पनेच्या जोरावर रचलेला नाही. ग्रहांच्या भ्रमणात तो आधीपासूनच होता. शेवट सापडत नसेल तर आपल्या विषयातल्या सक्तीच्या मर्यादांची यादी करावी आणि त्यांतली कोणती मर्यादा पात्राला सर्वांत वाईट वेळी गाठेल हे पाहावे, असे मी नव्या लेखकांना आग्रहाने सांगते.

थरार म्हणजे पाठलाग, ही समजूतही मला अशीच सोडावी लागली. २६ सप्टेंबर १९८३च्या रात्री सोव्हिएत संघाच्या इशारा यंत्रणेने अमेरिकेकडून पाच क्षेपणास्त्रे निघाल्याचे दाखवले तेव्हा स्तानिस्लाव पेत्रोव्ह या अधिकाऱ्याला काही मिनिटांत ठरवायचे होते की हे खरे मानायचे की नाही. खरा हल्ला अवघ्या पाच क्षेपणास्त्रांनी सुरू होणार नाही असा विचार करून त्याने तो इशारा खोटा ठरवला. उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रहाची फसगत केली होती, हे नंतर समजले. या साऱ्या घटनेत एक माणूस एका खोलीत बसलेला आहे, आणि तरीही तिच्याइतका ताण मला पाठलागाच्या कोणत्याही प्रसंगात आढळलेला नाही. अपुरी माहिती, मोजका वेळ आणि मागे घेता न येणारा निर्णय या तीन गोष्टी एका खोलीत आणता आल्या तर पात्रांना धावायला लावण्याची गरज पडत नाही.

संशोधनाविषयी एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. मी आठ महिने फक्त वाचत होते आणि त्या काळात एकही प्रकरण लिहिले नाही. आपण काम करीत आहोत असे वाटत राहते आणि कादंबरी जागची हलत नाही. आता मी आधी प्रसंग लिहिते, जिथे माहिती नाही तिथे खूण करून पुढे जाते आणि नंतर केवळ त्या खुणांपुरते शोधते. तज्ज्ञांना विचारण्याची रीतही मी बदलली. “असे होऊ शकेल का?” या प्रश्नाला बहुतेक तज्ज्ञ सभ्यपणे नाही म्हणतात आणि संभाषण संपते. “आधी कोणती घंटा वाजेल, ती कोणाला ऐकू येईल आणि त्या माणसाचे हात सर्वांत आधी कोठे जातील?” असे विचारले की ते तासभर बोलतात. त्या तासातली दोनच वाक्ये कादंबरीत येतात, पण त्या दोन वाक्यांमुळे सगळे प्रकरण उभे राहते.

काळोखाच्या मात्रेविषयी मी बराच काळ गोंधळलेली होते. छापलेल्या कादंबरीत तीन मृत्यू आहेत. प्रत्येक मृत्यूनंतर मागे राहिलेल्यांना काय करावे लागते, म्हणजे देह कोठे ठेवायचा, घरच्यांना कळवायचे कोणी, त्या माणसाच्या वाट्याचे काम उद्यापासून कोण करणार, हे मी लिहिले, आणि काळोख तेथून आला. शिवाय ज्या अहवालांतून आपण शिकतो त्यांतली माणसे खरी होती, याचे भान सुटता कामा नये. कोणा एका रुग्णाची वेदना जशीच्या तशी उचलून पात्राला चिकटवणे मला अन्यायाचे वाटते. मी यंत्रणेचे वागणे घेते आणि माणसे स्वतःची घडवते. असे वाचन मनावर साचतही जाते. तिसऱ्या खर्ड्याच्या वेळी माझी झोप उडाली होती, तेव्हापासून सूर्यास्तानंतर अहवाल उघडायचा नाही हा नियम मी स्वतःला घालून घेतला आणि तो आजही पाळते.

प्रकाशनाचा भाग थोडक्यात सांगते. हस्तलिखित नऊ ठिकाणांहून परत आले. एका ठिकाणी ते १४ महिने पडून होते आणि दरम्यान मी दुसरीकडे पाठवले नाही, ही माझी चूक झाली. पाठवतानाच उत्तराची मुदत विचारून घ्यावी आणि ती उलटली की पुढे जावे. नकारांपैकी आठ दोन ओळींचे होते. नवव्या संपादकाने मात्र लिहिले की तुमचे रहस्य २८०व्या पानावर उलगडते आणि वाचकाला ते १२०व्या पानावरच कळते. मी चौथा खर्डा या एका वाक्यावर लिहिला: उत्तरे कोठून येतात हे वाचकाला १२०व्या पानावर कळू दिले आणि ते डॉक्टरला कधी कळेल याची वाट पाहायला लावली. दडवलेल्या गोष्टीपेक्षा वाचकाला दिसणारा आणि पात्राला न दिसणारा धोका अधिक काळ धरून ठेवतो. करारपत्र आले तेव्हा अनुवाद, श्राव्य आवृत्ती आणि चित्रपट यांचे हक्क वेगवेगळे नमूद आहेत का, आगाऊ रक्कम पुढच्या मानधनातून वळती होणार आहे का आणि पुस्तक उपलब्ध नसल्यास हक्क किती काळाने परत मिळतील, हे मी जाणकाराकडून तपासून घेतले. त्या आगाऊ रकमेवर जगता आले नसते, म्हणून नोकरी सोडली नाही आणि पहाटेचे दोन तास लेखनासाठी राखले.

सध्या दुसऱ्या कादंबरीचा पहिला खर्डा सुरू आहे आणि तो वाचणाऱ्यांना मी कादंबरी कशी वाटली असे विचारत नाही. तुम्ही हस्तलिखित कोणत्या पानावर खाली ठेवले, तेवढे पेन्सिलीने लिहून द्या, असे सांगते. गेल्या आठवड्यात तिघांकडून ते परत आले, आणि तिघांनीही ४७व्या पानावर खूण केली आहे.