कॉम्प्लेक्सच्या फॉल्टवर निघण्याआधी

दुकानांच्या कॉम्प्लेक्समधून आपल्याला, म्हणजे इलेक्ट्रिशियनला, येणारा फोन बहुतेक वेळा एका वाक्याचा असतो: "लाईट सारखी जाते, माणूस पाठवा." तेवढ्यावर पिशवी उचलून निघू नका. तयारी त्या फोनपासूनच सुरू होते. लाईट सगळ्या कॉम्प्लेक्सची जाते की एकाच गाळ्याची? कोणत्या वेळी? तेव्हा एसी, लिफ्ट, मोटर यातलं काय चालू असतं? एमसीबी (शॉर्ट झाला किंवा लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) उचलल्यावर लगेच पडतो की थोड्या वेळाने? लगेच पडला तर शॉर्टचा संशय धरा. दहा मिनिटांनी पडला तर लोड जास्त आहे किंवा एखादा लूज जोड तापतोय. शेजारच्या इमारतीचीही जात असेल तर ते महावितरणचं काम, 1912 वर तक्रार नोंदवायला सांगा. आणि समोरचा म्हणाला की काही दिवे भगभगतात आणि काही मंद झालेत, तर पुढचं काही विचारू नका. मेन स्विच पाडायला सांगा. न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, सुटलेला असतो, 230 व्होल्टच्या जागी 300 च्या वरही जाऊ शकतात आणि टीव्ही, फ्रिज, कॉम्प्युटर एका फटक्यात जळतात.

सोलापुरात मी आणखी एक गोष्ट विचारतो: पाण्याची पाळी कधी असते? आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, आलं की सगळ्यांच्या मोटरी एकदम चालू होतात. एका तीन मजली कॉम्प्लेक्सची आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की पडणारा स्विच) कधीही पडायची. मी तीनदा गेलो. एकदा एमसीबी बदलला, एकदा आरसीसीबीच नवी बसवली, तिसऱ्यांदा काहीच सापडलं नाही. चौथ्या वेळी वॉचमन मामांना विचारलं, तर ते म्हणाले, "पाणी आलं की जाते बघा." हौदाच्या मोटरच्या केबलला मधेच जोड होता, त्याची टेप कुजली होती आणि ओल धरली की करंट जमिनीत उतरत होता. मेगरवर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) अर्धा मेगाओहमही आला नाही, म्हणजे इन्सुलेशन गेलेलं. मालकाचे पैसे आणि माझे तीन दिवस न विचारलेल्या एका प्रश्नापायी गेले. म्हणून वहीत वार, वेळ आणि पाळी लिहिल्याशिवाय आता मी निघत नाही.

तक्रार उन्हाळ्यातली असेल तर पॅनल कुठे आहे तेही विचारा. एमसीबी कारखान्यात 30 अंश सेल्सिअस धरून जुळवलेला असतो. वैशाखात इथला पारा 40 च्या वर जातो, आणि गच्चीच्या जिन्यातल्या बंद पत्र्याच्या पेटीत त्याहून जास्त. मग 32 अँपिअरचा एमसीबी 32 च्या आतच पडायला लागतो. गाळेधारक म्हणतो, "मोठा बसवून टाका." बसवू नका. भिंतीतली वायरही तितकीच तापलेली असते, तिचीही ताकद उतरलेली असते; एमसीबी मोठा केला की आधी वायर जळते. पेटीला हवा द्या, लोड दुसऱ्या फेजवर (इमारतीत येणाऱ्या तीन जिवंत तारांपैकी दुसरीवर) वाटा.

आदल्या दिवशी सगळ्या गाळेधारकांना स्वतः भेटून वेळ सांगा. मेडिकलच्या फ्रिजमध्ये इन्सुलिन असतं, दातांच्या दवाखान्यात पेशंट खुर्चीत असतो, एटीएमची बॅटरी किती वेळ टिकते ते बँकेलाच ठाऊक. दुकानं उघडायच्या आधीची सकाळ सगळ्यात सोयीची. मेन पाडण्याआधी लिफ्ट तळमजल्यावर आणून दार उघडं ठेवा.

मग कागदावर लिहा की या इमारतीत वीज कुठून कुठून येते. महावितरणचा मीटर आहे, जनरेटर आहे, गाळ्यागाळ्यातले इन्व्हर्टर आहेत, आता गच्चीवर सोलरही असतो. मेन पाडला म्हणजे इमारत मेली असं नाही. सोलर पॅनलकडून येणारी डीसी लाईन ऊन आहे तोवर जिवंतच असते. पॉवर फॅक्टरच्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही चार्ज राहतो; निदान पाच मिनिटं थांबा आणि मीटर लावून खात्री करा. पाडलेल्या स्विचला कुलूप घाला, चावी स्वतःच्या खिशात ठेवा आणि "काम चालू आहे" अशी पाटी लटकवा. मीटरच्या सीलला हात लावायचा नाही.

पिशवीत टेस्टर असू द्या, पण जीव त्याच्या भरवशावर टाकू नका. निऑनचा टेस्टर पेटला नाही म्हणजे लाईन बंद आहे असं होत नाही. चांगला मल्टिमीटर आधी चालू लाईनवर तपासा, मग बंद केलेल्या लाईनवर, मग पुन्हा चालू लाईनवर. क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारा) न्या आणि फेजबरोबर न्यूट्रलचाही करंट मोजा. क्लासेस आणि कॉम्प्युटरवाल्या मजल्यावर तिन्ही फेज सारखे असले तरी न्यूट्रल तापलेला सापडतो, कारण अशा लोडचा तिसरा हार्मोनिक, म्हणजे तिप्पट फ्रिक्वेन्सीचा करंट, तिन्ही फेजचा न्यूट्रलमध्ये येऊन एकमेकांत मिळवला जातो, कटत नाही. मेगर 500 व्होल्टचा. तो लावण्याआधी एलईडी, कॉम्प्युटर, मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह सगळं काढून ठेवा, नाहीतर फॉल्ट शोधता शोधता नवीन नुकसान कराल.

तळमजल्यावर टॉवेल-चादरीचं गोदाम असेल तर व्हॅक्यूम क्लीनर घ्या. बसबारवर (पॅनलमधल्या करंट वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्या) कापसाचे तंतू गादीसारखे साचतात, त्याखाली एखादा लग (केबलच्या टोकाला बसवलेला जोड) लूज असला की ठिणगी पुरते. ब्लोअर मारू नका, तंतू उडून शेजारच्या पॅनलमध्ये बसतात. सीओटूचा अग्निशामक हाताशी ठेवा. अ‍ॅल्युमिनियमची केबल तांब्याच्या पट्टीला जोडायची असेल तर दोन्ही धातूंचा बायमेटल लग लागतो, साधा चालत नाही. तो घेऊनच निघा, सकाळी सात वाजता दुकान उघडं नसतं.

एकट्याने जाऊ नका. बरोबरच्या माणसाला मेन कुठे आहे ते आधी दाखवा. परवाना खिशात असू द्या.

काम ओलीचं निघालं तर पुढच्या पाळीचा दिवस वहीत मोकळा ठेवा. पाणी येऊन मोटर सुरू होईल तेव्हा आपण त्या पॅनलसमोर उभं असायला हवं.